ग्रँड टिटनचा शरद : निघण्यापूर्वी

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या या उद्यानात अस्पेनची पानं साधारण सप्टेंबरच्या अखेरीस सोनेरी होतात. नेमका दिवस हवामान ठरवतं आणि एका सोसाट्याच्या वाऱ्यात झाडं उघडी पडतात, म्हणून हाताशी दोन-तीन दिवस जादा ठेवाच.

डोंगररांग दरीच्या पश्चिमेला असल्याने पहिलं ऊन थेट शिखरांवर येतं. इथे सकाळच मोलाची. ऑक्सबो बेंडला उजाडण्याआधी ट्रायपॉड लावून उभं राहावं. वारा पडलेला असेल तर स्नेक नदीच्या संथ पाण्यात माउंट मोरन उलटा उतरतो. आधी फक्त माथा गुलाबी होतो, मग ऊन हळूहळू काठच्या पिवळ्या झाडांपर्यंत सरकतं. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४२मध्ये जिथून नदीचं वळण टिपलं, त्या जागी आता झाडं वाढली आहेत; तेच चित्र मिळेल ही अपेक्षा नको.

थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादाची आतल्या खिशात, अंगालगत ठेवा.

एल्कच्या माजाचा काळही हाच. अस्वल-लांडग्यांपासून किमान ९१ मीटर आणि इतर वन्यप्राण्यांपासून २३ मीटर अंतर बंधनकारक आहे. ड्रोनला बंदी आहे. लांब पल्ल्याची लेन्स न्या, पण फोटोसाठी प्राण्याच्या वाटेत जाऊ नका.