ओल्या गाडीचं रूप
लेखमाला : रोजच्या वस्तूंचं रसायन (भाग ११)

एमएच-२५ची, म्हणजे धाराशिव जिल्ह्याची, पाटी असलेली दहा-बारा वर्षांची गाडी विकत घ्यायची असेल तर दारं नंतर बघा, आधी टप बघा. दारांचा रंग बहुधा ठीकठाक असतो. टपावर आणि बोनेटवर मात्र पांढुरके चट्टे पडलेले असतात, कुठे कुठे पातळ पापुद्राही सुटलेला असतो. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी लागलेला रंग दारावर टिकतो आणि टपावर मरतो, याचं कारण ऊन कुठल्या कोनात पडतं त्यात आहे. धाराशिव १८ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर. मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत ऊन टपावर सरळ काटकोनात पडतं आणि दारांच्या वाट्याला येतं ते तिरपं. उन्हाळ्यात ढगांचा आडोसाही फारसा नसतो. पारा चाळिशीपार गेला की उन्हातल्या गडद गाडीचा पत्रा साठ अंशांच्याही वर तापतो. हात ठेवून बघा, लगेच मागे घ्याल.

या चट्ट्यांवर सध्या एक इलाज जोरात खपतो आहे : स्प्रे पॉलिश. फवारा, पुसा, झालं. जाहिरातीत अर्धं बोनेट राखाडी आणि अर्धं लखलखीत दाखवतात. ते दृश्य बऱ्याचदा खरंही असतं. फक्त दोन महिन्यांनंतरचं बोनेट कुणी दाखवत नाही.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला पेंटर नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा आठवा-दहावा भाग. त्यात क्लिअरचा वाटा चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. गाडीची चकाकी ती याच थरात. त्यात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं मिसळलेली असतात. वर्षानुवर्षं ऊन पिऊन ती संपत जातात आणि मग किरण क्लिअरच्या रेणूसाखळ्याच तोडू लागतात. पृष्ठभाग खडबडीत होतो, त्याला सूक्ष्म भेगा पडतात आणि शेवटी थर खालच्या रंगापासून सुटतो.

जुन्या गाड्यांचं असं नव्हतं. आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडल्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तोवर दोन पिढ्यांनी ती पाहिली. त्या काळच्या साध्या रंगांत क्लिअर वेगळं नसायचं, रंग आणि चकाकी एकाच थरात. म्हणून गाडी जुनी झाली की हाताला रंगाचा भुगा लागायचा, काळ्या शर्टाने टेकलं की शर्ट पांढरा व्हायचा. पण त्याचा इलाजही सोपा होता. वरचा मेलेला रंग रबिंग करून काढला की खाली तोच रंग ताजा सापडायचा. ‘पॉलिश केलं की गाडी नवी होते’ ही समजूत त्या गाड्यांच्या काळातली आहे, आणि त्या गाड्यांपुरती ती खरीच होती. ट्रॅक्टरवर आणि जुन्या काळी-पिवळी जीपवर आजही हा जुना हिशेब बऱ्याच अंशी चालतो. लाल ट्रॅक्टर उन्हाने गुलाबी पडतो, रबिंग केलं की आतून लाल निघतो.

आपल्याकडे कोणता रंग आहे हे कळायला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर एकथरी. नाही लागला तर वर क्लिअर आहे, आणि घासाल ते क्लिअरच झिजेल. एका जोरदार रबिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन जातात. चाळीस-पन्नासांतून असे किती वेळा वजा करणार, हे नाक्यावरच्या बफिंगवाल्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याला त्या दिवसाची चमक दाखवायची असते.

आता बाटलीकडे वळू. तिच्यात मुख्यतः पाणी असतं. त्यात सिलिकॉन तेलाचे बारीक थेंब, कधी ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण, ओलावा पसरवणारी साबणवर्गीय द्रव्यं, थोडं अल्कोहोल आणि सुवास. काहींत अतिबारीक घासणारी पूडही असते. हे सगळं पुसल्यावर मागे उरते ती एक मायक्रॉनहूनही पातळ अशी सिलिकॉन-मेणाची साय. तेवढ्या सायीने रंग कसा बदलतो? जुनी शहाबादी फरशी आठवा. कोरडी असताना राखाडी, मळकट. पाण्याचा फडका फिरवला की गर्द होते, तिच्यातल्या रेघाही दिसू लागतात, आणि वाळली की पुन्हा होती तशीच. फरशीचा रंग या काळात बदललेला नसतो. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश दाही दिशांना विखुरतो, ते पांढुरकं विखुरणं मूळ रंगात मिसळतं आणि तो फिका वाटतो. पाणी खाचा भरून वरचा भाग सपाट करतं, विखुरणं कमी होतं आणि आतला रंग दिसतो.

बोनेटवर नेमकं हेच घडतं. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, क्लिअरचा साधारण १.५. सिलिकॉन आणि मेण १.४च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा क्लिअरच्या जास्त जवळचे. शिवाय ते पाण्यासारखे उडून जात नाहीत. स्प्रे पॉलिश म्हणजे काही आठवडे न वाळणारं पाणी, असं मी म्हणेन. यातून दुकानात जाण्याआधी घरीच करता येईल अशी एक परीक्षाही निघते. गाडी सावलीत धुवा आणि ओली असतानाच नीट बघा. स्प्रेने गाडी त्या रूपाच्या फार पुढे जाणार नाही. बारीक जाळीसारखे ओरखडे ओलेपणी नाहीसे झाले तर स्प्रेनेही झाकले जातील. नखाला अडकणारा ओरखडा स्प्रेने भरणार नाही, एवढ्या पातळ सायीला ते झेपत नाही. आणि चट्ट्याच्या कडेला नखाला पायरी लागली तर तिथलं क्लिअर सुटलेलं आहे. ओलेपणी तो चट्टाही गायब होईल, स्प्रेनेही चारदोन आठवडे दबेल, पण तिथे खरा इलाज पेंटरकडे आहे : घासून, पुन्हा रंग आणि क्लिअर मारणं.

आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यावर डिझेलचा फवारा मारायची पद्धत आहे. ट्रकवाले तर फडक्याने अख्खी बॉडी पुसून घेतात. तीही याच तत्त्वावर चमकते, फक्त स्वस्तात. पण डिझेलचा ओशटपणा धूळ धरून ठेवतो आणि दारांची रबरं फुगवतो. त्यापुढे स्प्रे पॉलिश केव्हाही बरं.

स्प्रेची खरी परीक्षा आपल्या पाण्यात आणि धुळीत होते. इथलं बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन. भांड्यांवर, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो तोच गाडीवरही बसतो. यात एक गंमत आहे. पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होतात, आणि त्या थेंबांवर लोक खूश असतात. पण बोअरचं पाणी थेंब होऊन उन्हात वाळलं की त्यातला सगळा क्षार त्या एका टिपक्यात गोळा होतो. पॉलिश न केलेल्या गाडीवर तोच क्षार पसरून फिका पडला असता. म्हणजे पॉलिश मारलं की गाडी धुतल्यावर लगेच पुसणं जास्त गरजेचं होतं. पाणी वाचवायचं म्हणून आरओचं टाकाऊ पाणी गाडीला वापरणारी घरं बरीच आहेत. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहूनही दाट असतात. त्याने अंगण धुवा. गाडीवर शेवटचा हात फिरवायला एसीचं ठिबकलेलं पाणी उत्तम, कारण ते हवेतल्या बाष्पाचं असतं आणि त्यात क्षार जवळपास नसतात.

पाण्याच्या टंचाईमुळेच बिनपाण्याने गाडी धुण्याचे स्प्रेही आले आहेत. २०१६च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात नळी सोडून गाडी धुणं शोभत नाही हे खरंच. पुसट धूळ असेल तर हे स्प्रे काम देतात. पण शेतरस्त्याचा चिखल किंवा गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या परिसरात पडणारी राख असेल तर फवारून पुसू नका. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, राखेत सिलिका भरपूर असते आणि क्लिअर तिच्यापुढे मऊ. फडक्याखाली ती खरकागदाचं काम करते. आधी तांब्या-दोन तांब्यांनी राख वाहू द्या, मग फडका.

तुळजापूरला नवी गाडी देवीपुढे नेणाऱ्यांची तक्रार वेगळी असते : हळदीकुंकवाचे डाग. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने डाग हटत नाही. पण उन्हात ते स्वतःच विटतं. पांढऱ्या गाडीवरचा हळदीचा डाग काही दिवसांत आपोआप फिका पडतो. एरवी रंगाचा वैरी असलेलं ऊन इथे कामाला येतं. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो, तो जास्त चिवट. पूजा झाल्यावर ते कोरड्या फडक्याने न घासता पाणी ओतून उतरवावं. नारळाचं पाणी तर त्याच दिवशी धुवावं, त्यातली साखर उन्हात चिकटून बसते. देवळाकडे निघण्याआधी बोनेटवर स्प्रे मारून ठेवला तर कुंकू थेट क्लिअरवर न बसता त्या सायीवर बसतं. या बाटलीचा हा उपयोग मला सर्वांत पटतो.

वापरताना पत्रा गार हवा, सकाळची वेळ बरी. तापलेल्या पत्र्यावर द्राव पुसण्याआधीच वाळतो आणि ओघळाचे डाग पडतात. पुढच्या काचेवर उडू देऊ नका, रात्री समोरच्या दिव्यांत काच धुरकट दिसते. दुचाकीची सीट, ब्रेकची तबकडी आणि टायर यांवर तर अजिबात नको.

आणि गाडी पेंटरकडे न्यायची ठरली असेल तर आधी स्प्रे मारू नका, मारला असेल तर त्याला तसं सांगा. सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नवा रंग पसरत नाही, तो मागे सरून वाटोळे खड्डे पडतात. पेंटर मंडळी या गोष्टीला धसकून असतात, कारण एकदा खड्डे पडले की अख्खा पॅनेल पुन्हा घासावा लागतो आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद होतो.

(पुढच्या भागात : टायरचं रबर काळं का असतं?)