मुलाम्याखालचे जस्त

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका सेंटचे नाणे, ज्यावर अब्राहम लिंकनची मुद्रा १९०९ सालापासून चालत आली होती, ते १९८२ साली बाहेरून होते तसेच राहिले आणि आतून मात्र पार बदलले. तांब्याचा भाव चढत चालल्यामुळे सरकारी टांकसाळीने शेकडा ९५ भाग तांब्याचा जुना मिश्रधातू टाकून देऊन जस्ताची चकती आणि तिच्यावर तांब्याचा मुलामा असा नवा बेत मुक्रर केला. त्यात वजन ३.११ ग्रॅमवरून अडीच ग्रॅमवर आले आणि तांबे उरले शेकडा अवघे अडीच. त्या वर्षी दोन्ही जातींची नाणी पाडली गेली, त्यामुळे भेद जाणायला तराजू लागतो. कानाने पारखणारा मात्र नाणे फरशीवर टाकून पाहतो, कारण जुने खणखणते आणि नवे बद्द वाजते.

मुलामा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असतो, तरी तो अखंड आहे तोवर आतल्या जस्ताला धोका नसतो. खरा अनर्थ ओढवतो तो ओरखड्याने. आपल्या घरावरच्या जस्ती पत्र्याला चरा पडला, तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. येथे तोच सक्रिय धातू आत कोंडलेला आणि त्याच्या मानाने उदासीन असे तांबे बाहेर, म्हणून ओल आणि मीठ त्या चिरेपर्यंत पोचताच दोन धातूंचा विद्युत्घट सुरू होतो, आणि भोवतालच्या तांब्याचा विस्तार मोठा व उघडे जस्त टीचभर असल्याने सारा क्षय त्या एका छिद्रातच एकवटतो. रखवालदारच घरभेद्या निघावा, तशी ही गत. क्षयातून निघणारी पांढरी भुकटी मूळ धातूहून अधिक जागा व्यापते, मुलामा फोडासारखा वर उचलला जातो, आणि तो फुटला की लिंकनच्या खांद्यावर करडा खड्डा दिसू लागतो. हा रोग पुसून किंवा घासून बरा होत नाही; घासल्याने उरलेला मुलामाही जातो, हे हौशी संग्राहकांनी ध्यानी ठेवावे.

प्रयोगशाळेत या नाण्याची कड कानशीने किंचित घासून ते हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवले, तर जस्त बुडबुडे सोडीत विरघळते आणि मुद्रेसकट तांब्याचे पोकळ टरफल तेवढे हाती येते. जठरातही हेच आम्ल असते, म्हणून मुलाने असे नाणे गिळल्यास त्याची हयगय न करता तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा.

एवढी काटकसर करूनही पुढे हा एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने चलनासाठी तो पाडणे बंद केले.