ताडकळसच्या मुलांस इंग्रजी बोलतां कसें येईल?

परभणी येथें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. पूर्णा तालुक्यांतील ताडकळसच्या शेतकऱ्याचा मुलगा तेथें गेला, तर त्यास पिकांची ओळख नव्यानें करून द्यावी लागत नाहीं. त्याची गाडी अडते ती भाषेपाशीं. पदवीचें शिक्षण इंग्रजींतून चालतें, आणि ठाऊक असलेलें उत्तरही ओठांवर येत नाहीं. हें नुकसान त्या मुलाचेंच नव्हे, आपल्या शेतीचेंही आहे.

दोष पुस्तकांचा म्हणावा, तर महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकविलें जातें. मुलें वाचतात, उतरून काढतात. परंतु बोलत नाहींत, कारण बोलण्यास सोबती नाहीं. बीं पेरलें, पण ओल मिळाली नाहीं, असा हा प्रकार आहे.

या अडचणीवर एक उपाय सुगत मित्र यांनीं २००९ सालीं योजिला. इंग्लंडांतील निवृत्त शिक्षक व इतर हौशी माणसें इंटरनेटवरून दूरच्या मुलांशीं गप्पा मारूं लागलीं. त्यास ‘ग्रॅनी क्लाउड’, म्हणजे आजीबाईंचा मेघ, असें नांव पडलें. या प्रयोगाचें एक केंद्र पुढें फलटण येथें, मॅक्सीन बर्नसन यांनीं स्थापिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेंत निघालें. निंबकरांच्या कृषि संशोधन संस्थेमुळें हें गांव शेतकऱ्यांच्या परिचयाचें आहेच. विशेष हें कीं, या संस्थेचें कमला निंबकर बालभवन मराठी माध्यमाचें आहे. इंग्रजीसाठीं मायबोली सोडावी लागत नाहीं, हें यावरून दिसतें.

या भेटींत धडा घोकून घेत नाहींत. गोष्ट, चित्र, कोडें, यांवरून बोलणें निघतें. हुरडा म्हणजे काय, तिफण कशी चालते, हें परक्या आजीस समजावून सांगतांना मूल शब्द शोधतें. आणि गरजेपोटीं शोधलेला शब्द सहसा विसरत नाहीं.

ताडकळससारख्या गांवीं यास फार सामग्री लागत नाहीं. एक खोली, मोठ्या पडद्याचा संगणक, बरें इंटरनेट आणि शेवटपर्यंत हजर राहणारें एक जबाबदार वडीलधारें माणूस, एवढें पुरे. चार-पांच मुलांचा गट असावा, व त्यांत मुली अवश्य असाव्यात. वेळेचा हिशेब मात्र नीट ठेवावा. आपल्याकडे दुपारचे चार वाजतात, तेव्हां इंग्लंडांत हिवाळ्यांत सकाळचे साडेदहा व उन्हाळ्यांत साडेअकरा झालेले असतात. वीज किंवा जोडणी मध्येंच गेली, तर तो दिवस मराठी गोष्टीस द्यावा. मुलांस रित्या हातीं परत पाठवूं नये.

दोन दिवसांत फळ मागूं नये. वर्षभर ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं ही बैठक भरली, तर मुलांची भीड मोडेल, अशी आमची खात्री आहे. सोयाबीनची सुगी आटोपली कीं गांवकऱ्यांनीं शाळेच्या गुरुजींस भेटून हा विषय काढावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.