ठिणगीची वेळ

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीचें नांव काढिलें कीं प्रथम पोलाद आठवतें, आणि तें योग्यच आहे. मोडींत निघालेलें लोखंड विजेच्या भट्ट्यांत सुमारें १६०० अंश सेल्सिअस उष्णतेवर वितळवावें आणि त्याच्या सळया लाटाव्या, हा येथील मोठा धंदा. परंतु ज्या गांवीं लोखंडाचा आणि शेतीचा असा शेजार असतो, तेथें इंजिनदुरुस्तीची विद्याही आपोआप नांदूं लागते. ट्रॅक्टर असो, मालमोटार असो कीं विहिरीवरचें डिझेल इंजिन असो, यंत्र खोलून पुन्हां जुळविलें म्हणजे कारागिरासमोर शेवटीं एक प्रश्न उभा राहतो: याची वेळ बरोबर लागली आहे काय? त्याच्या बोलींत यास 'टायमिंग बसविणें' म्हणतात. या साध्या दिसणाऱ्या कामांत केवढें शास्त्र आहे, आणि दोन अंशांची चूक किती महाग पडते, हें आज वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणासाठीं या विद्येची जेथें अत्यंत कठोर परीक्षा होते, तें शर्यतीचें इंजिन आम्हीं निवडिलें आहे.

'ड्रॅग रेसिंग' ही शर्यत अमेरिकेंत वाढली. तिची व्यवस्था पाहणारी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं स्थापिली. या शर्यतींत वळण नाहीं, चढउतार नाहीं. सरळ पाव मैलाचा, म्हणजे १३२० फुटांचा अथवा सुमारें ४०२ मीटरांचा मार्ग, आणि शेजारीं शेजारीं उभ्या दोन गाड्या. आपल्या महाराष्ट्रांतही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धांवपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. अमेरिकेंत या कामीं जीं इंजिनें लोकप्रिय झालीं, त्यांत शेव्हरोले कंपनीचें १९६५ सालीं निघालेलें आठ सिलिंडरांचें 'बिग ब्लॉक' इंजिन प्रमुख होय. त्याच्या ४५४ घन इंचांच्या प्रकाराचें आकारमान सुमारें ७.४ लिटर भरतें. आपल्या घरच्या लहान मोटारींत तें बहुधा सव्वा लिटराच्या आंतबाहेर असतें. शर्यतीसाठीं सिद्ध केलेलें असें इंजिन एक हजार अश्वशक्तीच्याही पुढें जाऊं शकतें.

आतां मूळ तत्त्व पाहूं. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येतांना हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण दाबतो. तें पेटलें कीं त्या दाबानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. सामान्य समज असा कीं दट्ट्या अगदीं माथ्यावर पोंचला म्हणजे ठिणगी पडत असेल. तसें नाहीं. सर्व मिश्रण एका क्षणांत भडकत नसतें. ज्वाला प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरते, आणि तिला वेळ लागतो. दट्ट्या माथा ओलांडून सुमारें १५ अंश पुढें गेला असतां दाब शिगेस पोंचावा, हें उत्तम. म्हणून ठिणगी माथ्याच्या पुष्कळ आधीं टाकावी लागते. स्वयंपाकघरांत वावरलेल्या कोणासही हें नव्यानें शिकवावयास नको. पंगत साडेबारास बसावयाची तर भाताचें आधण साडेबारास कोणी ठेवीत नाहीं. पाहुणे लौकर येणार अशी वर्दी आली तर भात कांहीं लौकर शिजत नाहीं. चूलच आधीं पेटवावी लागते. इंजिनाचा वेग वाढला कीं ठिणगी आणखी आधीं आणावी लागते, ती याच कारणानें.

थोडा हिशेब करूं. मिनिटास ९०० फेरे असतां सेकंदांत १५ फेरे, म्हणजे ५४०० अंश होतात; तेथें ३६ अंश फिरण्यास सेकंदाचा १५० वा भाग मिळतो. तेंच इंजिन ७२०० फेरे घेऊं लागलें कीं तितक्याच अंशांस सेकंदाचा १२०० वा भाग उरतो. सुदैवानें वेगाबरोबर सिलिंडरांतील हवेची घुसळणही वाढते आणि ज्वाला अधिक जलद पसरते. त्यामुळें एका मर्यादेपुढें ठिणगी आणखी आधीं आणण्याचें कारण राहत नाहीं. पेट्रोलवर चालणाऱ्या पुष्कळशा बिग ब्लॉक इंजिनांत हा आंकडा ३४ ते ३८ अंशांच्या दरम्यान स्थिरावतो. रस्त्यावरच्या जुन्या मोटारींत लहान वजनें आणि स्प्रिंगा यांच्या योगें डिस्ट्रिब्युटर वेगाप्रमाणें ठिणगी मागेंपुढें करी. शर्यतीचें इंजिन बहुतेक वरच्या वेगांतच राबतें. म्हणून तेथें ती पुष्कळदां एकाच अंशावर पक्की करून टाकितात.

ठिणगी उशिरां पडली तर वरातीमागून घोडें: उष्णता कामास न येतां धुराच्या नळींतून निघून जाते, आणि शक्ति घटते. फार आधीं पडली तर उतावळ्या नवऱ्याची गत. वर येणाऱ्या दट्ट्यालाच दाब उलट रेटूं लागतो. १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींत ही वेळ चालकानें सुकाणूखालच्या डाव्या दांडीनें स्वतः बदलावयाची असे. ती मागें घेण्यास विसरून हँडल मारलें, तर उलट झटक्यानें मनगट मोडण्याचीही पाळी येई.

आतां वेळ लावावयाची कशी? पहिला धडा असा कीं खुणेवर विश्वास ठेवण्यापूर्वीं खूणच तपासावी. इंजिनाच्या पुढच्या बाजूस 'बॅलन्सर' नांवाचें चाक असतें, त्यावर अंशांच्या रेघा असतात. परंतु पुष्कळ चाकांची बाहेरची कडी रबरावर बसविलेली असते, आणि जुनी झाली म्हणजे ती सरकूं शकते. शिवाय माथ्याशीं दट्ट्या जवळजवळ स्थिर भासतो. त्यामुळें त्याची नेमकी जागा नुसत्या डोळ्यांनीं सांपडत नाहीं. त्यावर युक्ति अशी. बॅटरीची तार सोडवावी, प्लग काढावे, आणि पहिल्या सिलिंडराच्या प्लगच्या भोंकांत एक अडसर बसवावा. इंजिन हातानें हळूहळू फिरवून दट्ट्या अडसरास टेकला कीं चाकावर एक खूण करावी. मग उलट फिरवून टेकला कीं दुसरी. दोन खुणांचा बरोबर मध्य तोच खरा माथा. आठ इंच व्यासाच्या चाकाच्या कडेवर एक अंश म्हणजे अवघे १.७७ मिलिमीटर भरतात. रेघ जाड ओढली कीं अर्धा अंश गेलाच.

मग अडसर काढून, प्लग बसवून, इंजिन चालू करावें आणि पहिल्या प्लगच्या तारेस टायमिंग लाइट लावावा. प्रत्येक ठिणगीबरोबर तो दिवा लुकलुकतो, आणि फिरतें चाक जागच्या जागीं थांबल्यासारखें दिसतें. डिस्ट्रिब्युटर किंचित् फिरवून खूण इष्ट अंशावर आणावी. मात्र मंद वेगावर पाहून समाधान मानूं नये. ठिणगी उत्पन्न करणाऱ्या विजेच्या यंत्रणेंत सेकंदाच्या केवळ २०,००० व्या भागाचा विलंब होत असला, तरी ७२०० फेऱ्यांवर त्याचे दोन अंशांहून अधिक होतात.

खरी कसोटी मैदानावर. कमी अंशांपासून आरंभ करून एक-दोन अंश पुढें जावें. प्रत्येक धांवेनंतर शेवटच्या टप्प्यांतील वेग पाहावा आणि प्लग काढून भिंगाखालीं तपासावे. वेग वाढेनासा झाला कीं थांबावें. लोभानें आणखी पुढें गेल्यास न पेटलेलें उरलेलें मिश्रण दाबानें व उष्णतेनें आपण होऊन एकदम पेट घेतें. यासच 'नॉकिंग' म्हणतात. घरच्या गाडींत त्याची टकटक ऐकूं येते. शर्यतीच्या गर्जनेंत ती बुडून जाते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले, तर दट्ट्याचीच धातु सुटूं लागली असें समजावें. त्याकडे दुर्लक्ष केल्यास दट्ट्यास भोंक पडतें, आणि महिन्यांची मेहनत कांहीं सेकंदांत मोडींत जाते.

या नॉकिंगनें एकदां साऱ्या जगास फसविलें आहे. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिज्ले यांस असें आढळलें कीं शिशाचें एक संयुग पेट्रोलांत मिसळलें कीं नॉकिंग थांबतें. उपाय स्वस्त होता, आणि शिसें विषारी आहे हें ठाऊक असूनही तो जगभर पसरला. इंजिनें वांचलीं, परंतु तें शिसें धुरांतून लहान मुलांच्या रक्तांत जाऊन त्यांच्या बुद्धीच्या वाढीस अपाय करूं लागलें. भारतांत असें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. मोटारींसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तेथें तें २०२१ सालीं थांबलें. एका टकटकीवरील सोप्या उतायाची किंमत शंभर वर्षें मुलांनीं मोजली, हें घराघरांत माहीत असावें.

आतां नव्या मोटारींत ठिणगीची वेळ संगणक लावितो, आणि पुष्कळ गाड्यांत नॉकिंगचा कंप ओळखून तो ती आपोआप मागेंही घेतो. तरीही ही विद्या जुनी झाली असें नव्हे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते, पण इंधनाचा फवारा केव्हां सुटावा हा प्रश्न तोच असतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली. तेव्हांपासून आपल्या शेतमळ्यांवर अशीं इंजिनें चालविणाऱ्यांचें अन्न या वेळेवर अवलंबून राहिलें आहे.

म्हणून घरांतील मुलानें वा मुलीनें आयटीआयच्या कार्यशाळेचा मार्ग धरावयाचें म्हटलें, तर 'हात काळे होतील' एवढ्यावरून वडीलधाऱ्यांनीं नकार देऊं नये. खूण तपासल्याविना मानावयाची नाहीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि लाभ थांबला कीं हातही थांबवावयाचा, ही शिस्त तेथें रोजच्या कामांतून अंगवळणीं पडते. वेगाची हौस असलेल्या तरुणांस मात्र एक गोष्ट बजावून सांगावी. जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धि महामार्गावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा घातलेली आहे. शर्यत ही बंद धांवपट्टीवर, शिरस्त्राण घालून आणि रुग्णवाहिका जवळ ठेवून करण्याची गोष्ट आहे. जेथें दुसऱ्याचीं मुलेंमाणसें प्रवास करीत असतात, तेथें ती करूं नये.