सव्वीस फ्रेम आणि दोन बोटं

माझा भाचा ‘स्ट्रीट फायटर ६’ खेळताना दर दोन मिनिटांनी एकच तक्रार करायचा, “मावशी, मी दाबलं होतं गं! लागलंच नाही.” हरणाऱ्याचं रडगाणं म्हणून मी ते सोडून देणार होते. मग एकदा त्याच लॅपटॉपवर नोटपॅड उघडलं आणि खेळताना तो ज्या तीन कळा एकदम दाबतो, त्या दाबायला सांगितल्या. पडद्यावर दोनच अक्षरं उमटली. पुन्हा दाबल्या, पुन्हा दोनच. पोरगं खरं बोलत होतं.

साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात आणि आतली चिप एकेक ओळ तपासत कुठली आडवी तार कुठल्या उभ्या तारेला टेकली ते बघते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकाच वेळी दाबल्या, की विजेला वळसा घालून चौथ्या कोपऱ्याचीही वाट सापडते, आणि न दाबलेली कळ दाबल्यासारखी दिसू लागते. हा घोळ टाळण्यासाठी असा कीबोर्ड तिसरी कळ मोजतच नाही. पत्र टाइप करणाऱ्याला हे जन्मात कळायचं नाही. फायटिंग गेम खेळणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी कळतं, कारण इथे दिशा आणि ठोसा एकत्रच जावे लागतात.

आणि वेळेवर जावे लागतात. या खेळाचं घड्याळ सेकंदाला ६० ठोके देतं. एका ठोक्याला फ्रेम म्हणतात, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. चपळ हलका ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. तो ‘बघून’ अडवणं माणसाला शक्य नाही, कारण डोळ्यांना दिसलेल्या खुणेवर बोट हलायलाच २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम जातात. तिथे अंदाजावरच खेळायचं असतं. पण ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ नावाचा जो दणका आहे, तो लागायला २६ फ्रेम घेतो. म्हणजे सुमारे ४३० मिलिसेकंद. मेंदूचा वाटा काढला तर हातात अकरा ते चौदा फ्रेम उरतात. त्यातच पडद्याचा उशीर, आणि ‘हाच तो दणका, दुसरं काही नाही’ हे ठरवण्याचा वेळ. पर्याय वाढले की ठरवायचा वेळही वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवलं. पुढे बोट बटणापर्यंत जायचं. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका वेळ जास्त, हे पॉल फिट्स यांचं १९५४ मधलं सूत्र. कंट्रोलर निवडायचा म्हणजे या शेवटच्या तुकड्यातल्या दोन-तीन फ्रेम वाचवायच्या. माझ्या मते सगळी निवड याच एका प्रश्नावर करावी: घाबरलेल्या क्षणी जे दाबायचं आहे, ते आधीच बोटाखाली आहे का?

सहा बटणांची मांडणी कॅपकॉम कंपनीच्या १९८७ च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मधून आली. त्याच्या एका प्रकारच्या मशीनवर बटणांऐवजी दोन मोठे रबरी पॅड होते. जितक्या जोरात हाणाल तितका जोराचा फटका. हात दुखायचे, पॅड झिजायचे. शेवटी सहा बटणं टिकली: वर तीन ठोसे, खाली तीन लाथा, डावीकडून उजवीकडे हलकं, मध्यम, जड. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने ती पक्की केली. वर हात, खाली पाय. शरीराचीच रचना फळीवर उतरलेली असल्यामुळे ती शिकवावी लागत नाही. ‘टेकन’ या खेळाने हेच वेगळ्या तऱ्हेने केलं: चार बटणं, चार अवयव, डावा हात डावीकडे आणि उजवा उजवीकडे.

आपल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभं राहून दांडा हलवलेल्यांना त्या फळीवरचा हात आठवत असेल. तर्जनी हलक्या ठोशावर, अंगठा खालच्या हलक्या लाथेवर. दोन्ही एकत्र दाबले की पकड लागते, म्हणजे चिमटीच होते ती. मधलं बोट मध्यमवर. अडचण जड बटणांवर येते, कारण ती करंगळीशेजारच्या अनामिकेच्या वाट्याला येतात. तळहात टेबलावर सपाट ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि अनामिका उचलून बघा. ती जेमतेम हलेल. बोटं उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्यात अनामिका सर्वांत जास्त अडकलेली असते. ड्राइव्ह इम्पॅक्ट म्हणजे जड ठोसा आणि जड लाथ एकदम. म्हणून पुष्कळ खेळाडू त्याला वेगळं एकच बटण नेमून टाकतात. खेळाच्या सेटिंगमध्ये ती सोय आहेच.

घरातल्या साध्या गेमपॅडवर गणित वेगळं. तिथे चार बटणं एकट्या उजव्या अंगठ्याखाली येतात. जड ठोसा आणि जड लाथ मागच्या खांद्यावर, तर्जनी आणि मधल्या बोटाकडे. प्लेस्टेशनच्या पॅडवर चौकोन आणि फुली शेजारी असल्यामुळे पकडीसाठी अंगठा थोडा आडवा टेकला तरी पुरतो. हे मला फार सुंदर वाटतं: दोन बटणांची जोडी एका बोटाच्या पेराएवढ्या अंतरात बसवलेली आहे. २०१४ साली इव्हो स्पर्धेत फ्रान्सचा लफी ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’ जिंकला तो पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर. समोर महागड्या दांड्यांची रांग होती.

दांड्याखाली चार बाजूंना चार सूक्ष्म स्विच असतात. ‘हादोकेन’ नावाचा फेकीचा वार टाकताना दांडा खाली ओढला की खालचा स्विच मिटतो, तिरका नेला की खालचा आणि पुढचा दोन्ही, आणि सरळ केला की फक्त पुढचा. अलीकडे लोकप्रिय झालेल्या दांडाविरहित कंट्रोलरवर हेच बटणांनी होतं: खाली दाबा, न सोडता पुढे दाबा, मग खालचं सोडा. उडी अंगठ्याखाली. दांड्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना मधून प्रवास करावा लागतो. इथे प्रवासच नाही.

पण दांडा एका वेळी मागे आणि पुढे जाऊ शकत नाही, बटणं मात्र दोन्ही दाबता येतात. गाइल या पात्राचा ‘सोनिक बूम’ हा वार घ्या: आधी मागे धरून ठेवायचं, मग पुढे आणि ठोसा. ‘शेवटी दाबलेलं खरं’ असं कंट्रोलरने मानलं, तर मागचं बटण न सोडताच पुढचं टिचकीसरशी लागतं आणि बोट उचलताक्षणी पुन्हा मागे धरलेलंच असतं. कॅपकॉमच्या अधिकृत स्पर्धांनी शेवटच्या दाबाला असं प्राधान्य द्यायला मनाई केली. मला हा नियम योग्य वाटतो. बोटांचं काम बोटांनीच करावं.

बोटांचं म्हणताना अमेरिकेतल्या माइक बेगम यांची आठवण टाळता येत नाही. सांधे जन्मतःच आखडलेले असल्यामुळे हात वापरता येत नसत. ‘ब्रोलीलेग्ज’ या नावाने ते साधा गेमपॅड तोंडाने आणि गालाने चालवत आणि चुन-ली हे पात्र घेऊन नामवंतांशी लढत. २०२४ मध्ये ते गेले. कुठल्या कंट्रोलरवर सगळ्यांत चांगलं खेळता येतं, या वादात मला नेहमी त्यांचा पॅड दिसतो.

भाच्यासाठी आम्ही वापरलेला एक पॅड घेतला आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट डाव्या तर्जनीखाली, मोकळ्या बटणावर बसवला. पहिले चार दिवस तो आधीपेक्षा जास्त हरला, कारण जुन्या जागा बोटांत मुरलेल्या होत्या. पाचव्या दिवशी त्याला बटणं पुन्हा बदलायची होती. मी बदलू दिली नाहीत. गेल्या रविवारी फोन आला: कोपऱ्यात सापडला असताना समोरच्याचा दणका त्याने बघून तशाच दणक्याने परतवला होता. डाव्या अंगठ्याला फोड आला होता, त्यावर पट्टी लावून तो पुढचा डाव सुरू करत होता.