परमुलखातले मास्तर (भाग ५) : बसऱ्याची नोकरी

ऐंशीच्या सुमारास कल्याण-डोंबिवलीत ‘तो गल्फला असतो’ म्हटलं, की पुढचं सांगावं लागत नसे. घरात टू-इन-वन, शोकेसमध्ये टँगची बाटली आणि ओनरशिपच्या ब्लॉकची बोलणी. जाणारा बहुधा फिटर, वेल्डर नाहीतर अकाउंटंट. इंग्रजीचे प्राध्यापक त्या वाटेला क्वचितच जात. विलास सारंग गेले आणि मराठीला ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही चमत्कारिक कादंबरी मिळाली.

सारंगांचा जन्म १९४२चा, कारवारचा. मुंबईत इंग्रजीची डॉक्टरेट, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात तौलनिक साहित्याची दुसरी. एवढं शिकून ते १९७४ मध्ये बसऱ्याच्या विद्यापीठात शिकवायला गेले आणि १९७९ पर्यंत तिथं राहिले. इराकनं १९७२ साली तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं होतं; पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले. हातात पैसा आला, विद्यापीठं वाढली, मास्तर बाहेरून आणले जाऊ लागले. सत्ता बाथ पक्षाची. अध्यक्ष अल-बक्र, पण सूत्रं हळूहळू सद्दाम हुसेनकडे गेली आणि जुलै १९७९ मध्ये खुर्चीही.

कादंबरीतला प्रमोदही अमेरिकेतून इराकमध्ये शिकवायला येतो. मराठी कथेतल्या परदेशस्थाला एरवी आईच्या हातची आमटी आठवते, दिवाळीत गळा दाटून येतो. प्रमोदच्या बाबतीत ते लाड नाहीत. त्याची पंचाईत निराळी आहे. मास्तरचं सगळं भांडवल बोलण्यात, आणि तो आलाय अशा मुलखात जिथं शब्द जपून टाकावा लागतो. ‘या कवितेबद्दल तुमचं मत काय?’ हा वर्गातला अगदी साधा प्रश्न. पण पक्षाचे कान वर्गातही असतील, तर उत्तर कोण देणार? आणि मास्तरनं तरी तो का विचारावा? पगार वेळेवर, हजेरी भरलेली, शिकवणं मात्र आतून पोखरलेलं. नव्यानं आयुष्य मांडायला निघालेल्याचं नशीब त्याच्या कष्टांपेक्षा तिथल्या राजवटीच्या हाती किती असतं, हे मराठीत इतक्या कोरडेपणानं क्वचितच कुणी लिहिलं असेल.

सारंगांचा जन्म झाला त्याच वर्षी फ्रेंचमध्ये काम्यूची ‘लेत्रांजे’ आली. प्रमोद तिच्यातल्या म्यर्सोचा दूरचा भाऊबंद. म्यर्सोला व्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते, प्रमोदला ती नोकरी देते. मला दुसरंच जास्त भीतिदायक वाटतं.

नावातला एन्की हा सुमेरियन देव: भूगर्भातल्या गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा. त्याच्या एरिडू नगरीचे अवशेष दक्षिण इराकमध्येच आहेत. तेल आणि पोलिसांच्या राज्याला असं नाव देण्यातला खवचटपणा खास सारंगांचा. प्रमोद तसा लळा लागावा असा माणूस नाही, आणि यातल्या बायका मला अपुऱ्याच वाटतात. तरी वाचाच. पुस्तक दुकानात सहजी दिसत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९३) किंवा कल्याणचं सार्वजनिक वाचनालय (१८६४) अशा जुन्या ठिकाणी चौकशी करून बघा.

सप्टेंबर १९८०मध्ये इराण-इराक युद्ध पेटलं आणि बसरा तोफांच्या टप्प्यात आलं. सारंग तोवर तिथून निघाले होते. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख झाले आणि नव्वदच्या दशकात पुन्हा तिकडेच, कुवेतला, शिकवायला गेले.

(पुढच्या आठवड्यात : वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि मेक्सिकोतलं चापिंगोचं कृषिविद्यालय.)