शिवनेरीच्या कड्यावरचे शिवसुमन

चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या निघोजेहून सुटीच्या दिवशी दुचाकी काढून शिवनेरीला जाणारे पुष्कळ. नाशिक महामार्गाने नारायणगाव, तिथून जुन्नर, की आलाच गड. शिवाई देवीचे दर्शन, जन्मस्थान, फोटो आणि परत. याच गडाच्या कड्यांवर जगातली एक अतिदुर्मीळ वनस्पती तग धरून आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

तिचे नाव शिवसुमन. काही ठिकाणी तिला शिंदळमाकडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. शिवनेरीवरून पडलेले मराठी नाव अर्थातच अधिक शोभते. महाराष्ट्रातल्या मोजक्या डोंगरकड्यांपलीकडे ती जगात कुठेही आपसूक उगवत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने एके काळी तिची गणना जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत केली होती.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणारे तिचे फूल लालसर तपकिरी, पिवळ्या नक्षीचे, चांदणीसारखे असते. पण खरी गंमत तिच्या शरीरक्रियेत आहे. पावसात तिला पाने फुटतात आणि ती इतर झाडांसारखीच दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात. पाऊस सरला की पाने गळतात. मग सगळा भार रसाळ खोडावर येतो. खोडाची छिद्रे रात्री उघडतात आणि दिवसा मिटतात, त्यामुळे पाणी कमी उडते. एकाच झाडात अशा दोन व्यवस्था नांदतात, हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

एवढी चिवट वनस्पती संकटात का? उन्हाळ्यात गवताला लावलेला वणवा कड्यापर्यंत पोचतो. शेळ्या कोवळी खोडे खातात. हौशी संग्राहक ती उपटून नेतात. त्यात तिची भावकी असलेल्या माकडशिंगीचा अर्क भूक मारणारी गोळी म्हणून विकला जातो. या गोळ्यांनी वजन घटते याचा पुरावा तोकडा आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी तर त्या परस्पर घेऊच नयेत. डोंगरावरून आणलेले खोड ओळख न पटवता चावून पाहणे हाही शहाणपणा नव्हे.

शिवसुमनची फांदी कुंडीत सहज रुजते. ऊतिसंवर्धनानेही रोपे तयार होतात. म्हणून काळजी मिटली असे नाही. फांदीपासून वाढलेली सगळी रोपे एकाच झाडाच्या नकला असतात. एका रोपाला बाधणारी कीड साऱ्यांनाच बाधू शकते. नव्या जनुकांची सरमिसळ बियांतून होते. त्यासाठी फुलावर माशी यायला हवी, शिंगांसारखी जोडशेंग धरायला हवी आणि केसाळ बी वाऱ्यावर उडून खडकाच्या ओलसर भेगेत पडायला हवे. हे सगळे बाल्कनीत जमत नाही. कडा, त्यावरचे गवत आणि त्यातले किडेमुंग्या, सगळेच शाबूत लागते.

गडावर ते फूल दिसलेच, तर लांबून फोटो काढावा. समाजमाध्यमावर टाकताना मात्र नेमकी जागा सांगू नये; पुढच्या आठवड्यात तिथे कुणी पिशवी घेऊन पोचलेले असते.